मुकी थाप

गिटार हातात आल्यावर पहिले तीन महिने मी तिच्यातून एक सूर काढला नाही. काढू दिला नाही, असं म्हणा. शिकवणारा पेद्रू, गोव्याचा. मुंबईत ज्या हॉटेलात मी कपबश्या विसळायला होतो तिथल्या बँडात तो गिटार वाजवायचा. साहेब लोक मडमांना घेऊन यायचे, नाचायचे, त्यांच्यासाठी जाझ चालायचं. जाझ हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. मला एवढंच कळायचं की बाजेवाला, पेटीवाला सगळे आपापल्या वाटेने उंडारतात, आणि पेद्रू एकटा खुंट्यासारखा बसून त्या सगळ्यांना दावणीला धरून ठेवतो. विसळता विसळता माझी बोटं ट्रेवर त्याच्याबरोबर चालायची. ते त्याने एकदा पाहिलं, आणि दुपारी हॉटेल रिकामं असताना मला बोलावून समोर बसवलं.

"डावा हात तारांवर मढ्यासारखा ठेव," तो म्हणाला. "दाबू नको, उचलू नको. आता उजव्याने मार." मारलं तर नुसतं चक्, चक्, चक्, चक्. सूर नाही, गोडवा नाही, सुपारी कातरल्यासारखा कोरडा आवाज. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "सूर कुणालाही सापडतो रे पोरा. ठोका सापडायला जन्म जातो. धावायचं नाही, बसायचं नाही. चारात दुसऱ्यावर आणि चौथ्यावर वजन." त्या आवाजाला मी माझ्यापुरतं नाव ठेवलं, मुकी थाप. पेद्रू समोर वीस काड्या मांडायचा. सोळा मात्रा बिनचूक झाल्या की एक काडी इकडची तिकडे. कुठे धावलो किंवा रेंगाळलो की तिकडच्या सगळ्या काड्या परत इकडे. एकोणिसाव्या काडीवर चुकलो तरी परत पहिल्यापासून. किती दुपारी मी रडकुंडीला आलो ते सांगत नाही. पण उठलो नाही. माझं शिक्षण मराठी चौथी, तीही धड नाही. पण हट्टाची परीक्षा असती तर मी कलेक्टर झालो असतो.

वर्षभराने घरून निरोप आला, आईला बरं नाही, ये. पेद्रूने त्याची जुनी गिटार मला दिली. नवी घेतल्यापासून ती पडूनच होती, पोटाला एक बारीक चीर गेली होती. म्हणाला, "आमचा दुसरा गिटारवाला पावसाळा सरला की सिंगापूरला चाललाय. बँडमास्तरला मी तुझं सांगितलंय. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या आगबोटीने ये. तो तुला तासभर नुसते ठोके वाजवायला लावील. घड्याळासारखा राहिलास तर जागा तुझी." आणि निघताना दोन गोष्टी बजावल्या. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पूस. आणि काही झालं तरी हिला तेलाचा हात लावू नको, लाकूड मरतं.

हे दुसरं मी घरात कुणाला सांगितलं नाही. त्या वेळी वाटलं, यांना काय सांगायचं, यांना काय कळतंय. आता वाटतं, एक वाक्य होतं. पेज पिता पिता सांगून झालं असतं.

आमचं घर मांडवीच्या अंगाला, बंदरापासून हाकेवर. बाबा तांडेल. त्यांचा स्वतःचा शिडाचा मचवा होता, कौलं आणि नारळ भरून खाली मलबारापर्यंत जायचे. बोलायचे कमी. समुद्रावर जो माणूस दिवस दिवस नुसता वाऱ्याचं ऐकतो त्याला घरात आल्यावर बोलायला काही उरत नसावं. घरात आई, बाबांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आई तोवर उठून हिंडायला लागली होती. मी गिटार घेऊन पडवीत शिरलो तेव्हा बाबा काथ्याचा दोर वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"ह्या काय आणलास?"

"गिटार."

"ह्याच्यावर पोट भरता?"

"भरतं," मी म्हटलं. तांडेलाचा पोरगा मचव्यावर जाणार नाही हे त्यांना त्या एका शब्दात कळलं. ते परत दोर वळायला लागले. त्यानंतर गिटारीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. आमच्या घरात दोन तांडेल होते, एकाला मचवा नव्हता एवढंच.

पावसाळा लागला, आगबोटी बंद झाल्या. मचवा मिऱ्याच्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारला. मला तीनेक महिने रिकामे मिळाले आणि मी रियाजाला बसलो. सकाळी उजाडता उजाडता आई आणि आत्या भात कांडायला घ्यायच्या. उखळ एक, मुसळं दोन. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. आईचा हात जड, आत्याचा हलका. धम्, टुक्. धम्, टुक्. पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर काटा आला. अहो, हे चार ठोके पेद्रूचेच होते! फक्त वजन उलटं पडत होतं, आईच्या पहिल्यावर आणि तिसऱ्यावर. मी माजघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि आत्याच्या हलक्या मुसळाबरोबर माझं वजन टाकायला लागलो. दुसऱ्यावर, चौथ्यावर. दोन करवंट्या घेतल्या, एकीत वीस चिंचोके टाकले.

आत्याच्या लगेच लक्षात आलं. "काय रे मेल्या," मुसळ न थांबवता ती म्हणाली, "माझो हात हलको पडता म्हणून भर घालतोस काय?" ती मूळची आमचीच, पण सासर खाली मालवणाकडचं. नवरा गेल्यावर माहेरी आली ती तिकडची बोली घेऊन आली होती.

"हो आत्या. तुझ्याच हातावर वाजवतोय."

"मग तुझ्या त्या साहेबाक सांग, अर्धो पगार माझ्या नावान पाठव."

आई हसायची आणि तिचा ठोका धावायचा. मग माझा धावायचा. मग चिंचोके खळ्ळकन परत पहिल्या करवंटीत. तो खळ्ळ आवाज घरात सगळ्यांना कळायला लागला. आत्या म्हणायची, "पडलो बघ." कांडप संपलं की नाचणीची भाकरी नाहीतर पेज, बरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा. बांगड्याचे हात राखेने घासून धुवायचे, मग पुन्हा बसायचं. दुपारपर्यंत डाव्या हाताच्या पकडी, एकेक पकड बदलायची तीही ठोक्यात. दुपारी फणसाच्या आठळ्या भाजलेल्या असायच्या, त्या सोलताना बोटांच्या टोकांना भाजलेलं कळायचं नाही इतके घट्टे पडले होते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी परत मुकी थाप, एकट्याने, नुसत्या समुद्राच्या गाजेवर. गाज काही ठोक्यात नसते. तिच्यात आपला ठोका हरवू द्यायचा नाही, हा तो अभ्यास.

माझा नातू कॉलेजात आहे, तोही गिटार शिकतो. त्याच्याकडे टकटक करणारं एक यंत्र आहे. मला म्हणाला, आजोबा, तुमच्या वेळी हे नव्हतं, मग रियाज कसा करायचात? मी म्हटलं, आमच्याकडे आत्या होती.

या सगळ्यात बाबा पडवीत पाठमोरे बसून असायचे. दोर वळायचे, जाळं सांधायचे. एकदाही वळून पाहिलं नाही. मी मनात म्हणायचो, नका बघू. आगबोट सुटेल तेव्हा बघा.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले तेव्हा आईने मला मिरजोळ्याला मावशीकडे सुकी मासळी घेऊन पाठवलं. पाऊस लागून राहिला म्हणून मी तिथे एक दिवस जास्त राहिलो. आमच्याकडे हे दिवस मचव्याला तेल लावायचे. माशाचं तेल, दाट, तांबूस, वास असा की आठवडाभर अंगाला राहतो. समुद्र परत खुला व्हायच्या आधी मचव्याला आतून बाहेरून हे तेल पाजायचं, म्हणजे फळी पाणी पीत नाही. कुठे चीर असेल तिथे दोनदा, तीनदा. मी परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मला वाटलं, मिऱ्याहून मचव्याचं काम आटोपून बाबा नुकतेच आले असतील.

पडवीत आढ्याला गिटार टांगली होती. ओल्या माशासारखी चमकत होती. खाली जमिनीवर तेलाचे थेंब पडून गोल डाग झाला होता. बाबा तिच्याखाली बसले होते, कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

"दोन दिवस सुकू दे," ते म्हणाले. "हात नको लावू."

मी लावला. उतरवून घेतली, वाकडी केली, तर भोकातून तेलाची धार माझ्या पायावर पडली. आतूनसुद्धा पाजलं होतं. पोटाची फळी फुगून सरसापासून सुटायला लागली होती. मी मारून पाहिलं. घोंगडीवर काठी मारावी तसं वाजलं.

मग मी जे बोललो ते लिहितो. लिहायचं नव्हतं, पण त्यासाठीच तर बसलोय.

"मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंत," मी म्हटलं. "हिचा गळा का दाबलात? माणसाला मारता येत नाही म्हणून लाकडाला मारलंत?"

बाबा उभे राहिले. दोन्ही हात तसेच पुढे धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. आत्या आतून धावत आली. "अरे मेल्या, बापाशी असो बोलतंस?" आई म्हणाली, "अरे, ऐक तरी माझा, त्यांनी काय म्हणून केलान ता—" मी ऐकलं नाही. गिटार तिथेच टाकून बंदरावर गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा कुणीतरी ती पुसून खुंटीला लावली होती, आणि बाबा विहिरीवर राखेने हात घासत होते. बराच वेळ घासत होते.

आता खरं सांगतो. गिटार मेली होती, पण माझे हात मेले नव्हते. शेजारच्या मास्तरांकडून मी पेद्रूला इंग्रजीत कार्ड लिहवून घेतलं, गिटार मेली, येत नाही. त्याचं उलट कार्ड आलं, तेही मास्तरांनी वाचून दाखवलं. "गिटार मेली तर मरू दे. हात आहेत ना? माझी दुसरी आहे. पहिल्या बोटीने ये." मास्तर म्हणाले, "झालं की तुझं काम." मी कार्ड घरी नेलं आणि आईच्या देखत चुलीत घातलं.

का घातलं? लोक म्हणतात, रागात माणसाला कळत नाही. मला सगळं कळत होतं. मी मुंबईला गेलो असतो, बँडात बसलो असतो, तर बाबांनी काय बिघडवलं होतं? काहीच नाही. मला बिघडलेलं राहायला हवं होतं. त्यांनी रोज उठून बघायला हवं होतं की आपण काय केलं. पहिली आगबोट आली त्या दिवशी मी धक्क्यावर गेलो. पडावांतून माणसं, ट्रंका, आंबोशीच्या टोपल्या बोटीवर चढल्या. भोंगा झाला. बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, "मचव्यावर कधी निघायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला असेल असं तेव्हा मला वाटलं होतं. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला बाप झाल्यावर कळलं.

सात वर्षं आम्ही एका मचव्यावर होतो. शीड, नांगर, वारा, पाणी, एवढंच बोललो. मी काम चोख करायचो, त्यातही माझा ताठा. त्यांनी चूक काढू नये म्हणून. सुकाणूवर हात असला की उजव्या हाताची बोटं आपोआप चार मोजायला लागायची. ती दिसली की बाबा दुसरीकडे बघायचे. घरात खुंटीवरच्या गिटारीचा विषय निघाला की मी ताटावरून उठायचो. मग विषय निघेनासा झाला. आत्या गेली. आई एकटीच कांडायला लागली. शेजारणी म्हणायच्या, बाजारात गिरणी झालीय, तिथे टाक. पण ती ऐकेना. आणि एकटी कांडतानाही ती आत्याच्या ठोक्याएवढी जागा सोडायची. धम्, आणि मग काही नाही. धम्, आणि काही नाही.

सातव्या पावसाळ्यात बाबांची छाती भरली. मचव्याला तेल लावायला मी एकटा गेलो. मिऱ्याला अर्धं काम झालं तेव्हा मागे पाहतो तो हे काठी टेकत आलेले. इतक्या लांब कसे आले देव जाणे. उलट्या घातलेल्या होडीवर बसले, धाप जिरू दिली.

"चिरेवर जास्त घाल," ते म्हणाले.

"घालतोय."

"तीनदा घालायचा. एकदा घालून, सुकवून, परत." काठीने त्यांनी मचव्याच्या पोटाकडे दाखवलं. "तुझ्या त्या गिटारीला पोटावर चीर होती. तिथं मी तीनदा घातला होता."

माझा हात थांबला.

"खाऱ्या पाण्यावरनं जाणार होता ना ता," ते मचव्याकडे बघत म्हणाले. "आगबोटीवर खारा वारा किती. आणि मुंबईत त्याला कोण तेल लावणार? म्हटला, जाण्याआधी एकदा नीट पाजून देऊ."

मी फळीकडे बघत राहिलो. तेलाचा ओघळ खाली वाळूत उतरला. त्यांनी मला निरोप दिला होता. त्यांना जसा देता येत होता तसा, आपल्या मचव्याला देतात तसा. आणि मी सात वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे बसून राहिलो होतो.

"वाजता काय रे ता अजून?" त्यांनी विचारलं.

मी हट्टी माणूस. उभ्या जन्मात खोटं बोलून कुणाचं बरं केलं नाही. "वाजतं," मी म्हटलं.

"खराच?"

"हो. तेल चांगलं मुरलंय."

"मग वाजवत का नाय?"

"वेळ कुठे मिळतो, बाबा."

त्यांनी काठीने पुढची वाळू सारखी केली. मग म्हणाले, "सकाळचा वाजवायचास. कांडपाच्या वेळी. तेवढा वाजव." सात वर्षांत प्रथम मी त्यांना बाबा म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

घरी येऊन गिटार खुंटीवरून काढली. पोट बसलेलं, तारा गंजलेल्या, दोन तुटलेल्या. सूर तिच्यातून जन्मात निघणार नव्हता. पण पेद्रूने मला आधी जे शिकवलं होतं त्याला सूर लागत नव्हता. सकाळी आईने मुसळ उचललं तसा मी उंबऱ्यावर बसलो. डावा हात तारांवर मढ्यासारखा ठेवला. धम्, चक्. धम्, चक्. आत्याची जागा भरली. आईने डोळ्यांना पदर लावला, पण मुसळ थांबवलं नाही. बाबा आतल्या खोलीत खाटेवर होते. भिंतीपलीकडून मेलेल्या तारांवरची आणि जिवंत तारांवरची मुकी थाप सारखीच ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडून त्या दोन करवंट्या मागून घेतल्या आणि उशाशी ठेवल्या. मी बाहेर वाजवायचो, ते आत मोजायचे. सोळा मात्रा झाल्या की चिंचोका पलीकडच्या करवंटीत पडल्याचा टक् असा आवाज यायचा. म्हणजे इतकी वर्षं दोर वळता वळता त्यांनी सगळं ऐकलं होतं, नियमसुद्धा.

माझा हात सुकाणूने जड झाला होता. सात वर्षं रियाज नाही. मी धावायचो, मध्येच बसायचो, आणि माझं मला ते कळायचं. प्रत्येक चुकीला मी थांबून कान द्यायचो, आता आतून खळ्ळ होणार, सगळे चिंचोके परत पडणार.

गौरी-गणपतीच्या आधी ते गेले, तोपर्यंत मी रोज वाजवलं, आणि रोज चुकलो. तो खळ्ळ आवाज एकदाही आला नाही.